घरच्या कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड वारंवार बिघडते. दीड हजारांत काय करावे?

फुलेवाडीची_लेक

नमस्कार मंडळी. फुलेवाडीत माझे आई-वडील दोघेच राहतात. त्यांच्या घरी दोन वायफाय कॅमेरे बसवले आहेत, एक फाटकावर आणि दुसरा आत सोप्यात. दोन्ही दोन मेगापिक्सेलचे असून प्रत्येकात ६४ जीबीचे साधे कार्ड आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे अ‍ॅप ‘कार्डमध्ये बिघाड, फॉरमॅट करा’ असे सांगते. फॉरमॅट केल्यावर काम यशस्वी झाल्याचेही दाखवते, पण कॅमेरा पुन्हा सुरू होताच जुनेच रेकॉर्डिंग यादीत दिसू लागते आणि नवे काहीच साठत नाही. सोप्यातल्या कॅमेऱ्याची तक्रार वेगळी आहे. तो दिवसभर नीट चालतो, पण दिवेलागणीनंतर त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे खंड पडतो.

वडिलांना स्टुलावर चढायला लावणे मला पटत नाही, त्यामुळे दर वेळी बावड्याहून मलाच जावे लागते. दोन्ही कॅमेऱ्यांसाठी मिळून दीड हजार रुपयांच्या आत बसेल असा उपाय हवा आहे. दरमहा पैसे भरावे लागतील अशी कोणतीही सेवा नको. कोणते कार्ड घ्यावे आणि मुळात दोष कार्डाचाच आहे का, हे कृपया सांगावे.

शिरोली_फाउंड्री

ताई, कार्डाच्या नादी लागूच नका. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत सोळा कॅमेरे आहेत, सगळे तारेने जोडलेले, आणि त्यांचे रेकॉर्डिंग ऑफिसमधल्या एनव्हीआरमध्ये, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग एकत्र साठवणाऱ्या यंत्रात, होते. त्यात खास कॅमेऱ्यांसाठीची हार्ड डिस्क आहे, म्हणजे डब्ल्यूडीची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. साधी कॉम्प्युटरची डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली नसते. महिनाभराचे रेकॉर्डिंग कधीही काढून पाहता येते. चार चॅनेलचा एनव्हीआर आणि एक टीबीची डिस्क घ्या, म्हणजे विषय कायमचा संपेल. आई-वडिलांच्या सुरक्षिततेसाठी थोडा खर्च झाला तरी हात आखडता घेऊ नये.

रंकाळावासी

आधी तुमचे कार्ड खरे आहे का ते पाहा. मी बाजारातून बिलाशिवाय १२८ जीबीचे कार्ड घेतले होते. वेष्टन हुबेहूब, छपाई हुबेहूब, कॉम्प्युटरला जोडले तर क्षमताही १२८ जीबीच दिसायची. प्रत्यक्षात आत फारच थोडी जागा होती. ती भरली की पुढचे रेकॉर्डिंग आधीच्यावर चढायचे आणि दोन्ही फाइली उघडेनाशा व्हायच्या. दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा त्याने कार्ड आपल्याकडचे नाहीच असे सांगून हात वर केले. माझा ठाम सल्ला असा की पक्के बिल मिळणार नसेल तर दुकानाची पायरीसुद्धा चढू नये.

शाहूपुरीतला_तंत्रज्ञ

मी कॅमेरे बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताईंनी सांगितलेली पहिली खूण अगदी स्पष्ट आहे. फॉरमॅट यशस्वी झाल्याचे दिसते आणि तरीही जुन्या फाइली परत येतात, याचा अर्थ त्या कार्डाने लिहून घेणेच बंद केले आहे. कार्डातल्या फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. ती मर्यादा संपत आली किंवा आत गंभीर दोष आढळला की कार्डाचा कंट्रोलर बहुतेक वेळा कार्ड केवळ वाचण्यापुरते उघडे ठेवतो. अशा कार्डावर कोणतेही सॉफ्टवेअर चालवले तरी ते सुधारत नाही. त्यातले हवे ते रेकॉर्डिंग उतरवून घ्यावे आणि कार्ड बाद करावे.

दुसऱ्या कॅमेऱ्याबाबत मात्र मला कार्डावर संशय नाही. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. अ‍ॅडॉप्टर कमकुवत असेल किंवा मधे लांब, बारीक वायर टाकलेली असेल, तर व्होल्टेज खाली येते आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. त्या क्षणी जी फाइल लिहिली जात असते ती अर्धवट राहते. असे वारंवार झाले की कार्डावरची फाइलींची नोंदच बिघडते आणि दोष कार्डाच्या माथी येतो.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. दोन्ही कॅमेरे बंद करून त्यांची कार्डे आपापसांत बदलावीत. ज्या कार्डाबरोबर तक्रारही दुसऱ्या कॅमेऱ्यात गेली ते कार्ड खराब. तक्रार जागच्या जागी राहिली तर अ‍ॅडॉप्टर, वायर किंवा कार्डाचा खाचा तपासावा. कार्ड बदलले की कॅमेरा त्यावरचे सगळे पुसू शकतो, म्हणून जपून ठेवायचे रेकॉर्डिंग आधी उतरवून घ्यावे. मूळ अ‍ॅडॉप्टरवर जितके व्होल्ट लिहिले आहेत तितकेच नव्याचे असावेत. अँपिअर थोडे जास्त असले तर हरकत नाही.

मंगळवारपेठकर

कार्ड खरे आहे का ते आधी तपासा, असे वर सांगितलेच आहे आणि मीही तेच सांगेन. घेताना यू३ किंवा व्ही३० लिहिलेलेच घ्या, कारण वेग कमी पडला की कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग तुटते. शिवाय कंपनीची क्लाउड सेवा घेतली तर कार्डाची गरजच राहत नाही. आमच्या शेजारच्या दुकानात चोराने कॅमेराच उपटून नेला आणि त्याबरोबर कार्डही गेले. तेव्हापासून मी दरमहा पैसे भरतो आणि निर्धास्त झोपतो.

गणित_शिकवतो

मंगळवारपेठकर साहेब, चोराचा मुद्दा रास्त आहे, पण वेगाचा मुद्दा येथे लागू होत नाही. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने साधारण दोन मेगाबिट प्रति सेकंद या दराने लिहीत असेल, तर ते सेकंदाला पाव मेगाबाइट होते. क्लास १० चे साधे कार्डदेखील किमान दहा मेगाबाइटचा वेग देते. यू३ आणि व्ही३० ही चिन्हे ३० मेगाबाइटच्या किमान वेगाची आहेत. त्यांचा टिकाऊपणाशी काहीही संबंध नाही.

पाहायचे ते किती लिहिले जाते हे. पाव मेगाबाइटच्या दराने दिवसाला २१.६ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि मग कॅमेरा जुने पुसून त्यावर नवे लिहू लागतो. वर्षभरात संपूर्ण कार्ड सव्वाशेच्या आसपास वेळा नव्याने लिहिले जाते. कॅमेऱ्याचा दर दुप्पट ठेवला असेल तर हा आकडाही दुप्पट होतो. १२८ जीबीचे कार्ड घेतले तर तोच भार दुप्पट जागेवर पसरतो, म्हणून मोठे कार्ड जास्त टिकते.

सतत रेकॉर्डिंगसाठी ‘एन्ड्युरन्स’ नावाची वेगळी कार्डे मिळतात. त्यांच्यातही फरक आहे, आणि तो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स प्रकारात ६४ जीबीच्या कार्डासाठी कंपनी ५,००० तासांचे रेकॉर्डिंग सांगते, तर त्याच कंपनीच्या मॅक्स एन्ड्युरन्स प्रकारात तेवढ्याच क्षमतेसाठी ३०,००० तास सांगते. वर्षाचे तास ८,७६० होतात, त्यावरून अंदाज करावा. घरगुती कॅमेऱ्याच्या दरापेक्षा बऱ्याच मोठ्या दराने लिहिले जाईल असे धरून हे तास काढलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात कार्ड अधिक काळ चालण्याची शक्यता असते.

शिरोली_फाउंड्री

एवढा हिशेब मांडण्यापेक्षा एनव्हीआर घेणे सोपे नाही का? आमच्याकडे हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही.

गणित_शिकवतो

साहेब, ताईंनी दीड हजार रुपये सांगितले आहेत. त्यात हार्ड डिस्कसुद्धा येणार नाही.

कळंबा_रिंगरोड

माझा कॅमेरा बाहेर, पत्र्याच्या पन्हाळीखाली आहे. पावसाळ्यात कार्ड दिसेनासे झाले तेव्हा खालचे झाकण उघडून पाहिले, तर रबरी गॅसकेट एका बाजूने दुमडलेले होते आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. मोबाइल दुरुस्तीवाल्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पट्ट्या पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि गॅसकेट सरळ बसवून स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे आवळले. त्यानंतर कार्ड व्यवस्थित चालले. त्यामुळे फाटकावरचे कार्ड फेकण्यापूर्वी झाकण जरूर उघडून पाहावे.

शाहूपुरीतला_तंत्रज्ञ

कळंब्याच्या दादांचा मुद्दा योग्य आहे, फक्त लक्षणे निराळी आहेत. ओलावा किंवा गंज असेल तर कार्ड बहुधा ‘सापडत नाही’ असा संदेश येतो; येथे कार्ड सापडते, वाचताही येते, फक्त लिहिले जात नाही.

आणखी एक गोष्ट सुचवतो. सतत रेकॉर्डिंग बंद करून केवळ हालचाल झाल्यावर रेकॉर्डिंग होईल असे ठेवले, तर कार्डावरचा ताण खूप कमी होतो. मात्र पावसाळ्यात इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात आणि पुढे कोळी जाळे विणतो, त्यामुळे रात्रभर हालचालीच्या खोट्या सूचना येत राहतात. काचेपुढची जळमटे केरसुणीने अधूनमधून काढावीत आणि माणूस ओळखण्याची सोय असल्यास तीच सुरू करावी. नवे कार्ड घेतल्यावर कॉम्प्युटरवर त्याची क्षमता तपासून घ्यावी आणि नंतर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, कारण कॅमेऱ्याला हवी ती मांडणी तोच करून घेतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कमाल किती जीबी चालते हेही पाहावे. १२८ ची मर्यादा असताना २५६ चे घातले तर कधी ते ओळखले जात नाही, कधी काही दिवस चालून अडते.

रंकाळावासी

क्षमता तपासायची कशी, हे कोणीच सांगितले नाही म्हणून मी सांगतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे आणि लिनक्सवर एफ३. तो संपूर्ण कार्ड भरतो आणि भरलेले सगळे पुन्हा वाचून पाहतो. त्याला बराच वेळ लागतो, पण अर्धवट थांबवू नये. कार्डावरचा आधीचा मजकूर दुसरीकडे ठेवून मगच तो चालवावा. माझे बनावट कार्ड याच तपासणीत उघडे पडले.

वकील_ताई

तांत्रिक बाबी येथे सांगून झाल्या आहेत. मी एकच गोष्ट जोडते. दुर्दैवाने चोरी झाली तर घाईघाईने अ‍ॅपमधून फॉरमॅट करू नका आणि कॅमेरा तसाच चालूही ठेवू नका, कारण काही दिवसांत तो तेच रेकॉर्डिंग पुसून टाकेल. कॅमेरा बंद करून कार्ड काढा, कोणी, कधी आणि कोणासमोर काढले ते लिहून ठेवा आणि मूळ कार्ड जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा रेकॉर्डिंगची प्रत न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग आहेत, एक प्रत सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला का हे ताडून पाहण्याचा सांकेतिक आकडा, हेही नमूद करावे लागते.

बाद झालेले कार्डही कोणाला देऊ नका. त्यावर तुमच्या घरातल्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा असतात, आणि ताईंच्या कार्डासारखे कार्ड तर पुसताच येत नाही. ते तुकडे करूनच टाकावे.

मंगळवारपेठकर

हे सगळे वाचल्यावर माझे मत अधिकच पक्के झाले. क्लाउड घ्या, ताई. आणि दोन्ही कॅमेऱ्यांना घ्या.

फुलेवाडीची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी घरी जाऊन तंत्रज्ञ दादांनी सांगितल्याप्रमाणे कार्डांची अदलाबदल केली. फाटकावरची तक्रार कार्डाबरोबर सोप्यातल्या कॅमेऱ्यात गेली, म्हणजे ते कार्ड खरोखरच संपले होते. दिवेलागणीनंतरचा खंड मात्र सोप्यातच राहिला. अ‍ॅडॉप्टर काढून पाहिला तेव्हा त्याच्या पिनेजवळची वायर टीव्हीच्या कपाटामागे चेमटलेली आढळली. त्याच व्होल्टचा नवा अ‍ॅडॉप्टर लावल्यापासून खंड पडलेला नाही.

आता निर्णय. फाटकासाठी राजारामपुरीतून ६४ जीबीचे मॅक्स एन्ड्युरन्स कार्ड पक्क्या बिलासह घेतले, पूर्ण तपासणी करून कॅमेऱ्यात घातले आणि तेथे सतत रेकॉर्डिंगच ठेवले आहे. हालचालीवर ठेवून पाहिले होते, पण रेकॉर्डिंग उशिरा सुरू होत असल्याने फाटक उघडणारा माणूस दिसायच्या ऐवजी त्याची पाठच दिसत होती. तीन दिवसांचे रेकॉर्डिंग आम्हाला पुरते, म्हणून १२८ जीबीचे घेतले नाही.

सोप्यातल्या कॅमेऱ्यात कार्ड घातलेलेच नाही आणि क्लाउडही घेणार नाही. तो कॅमेरा आई-बाबा ठीक आहेत ना, हे मला थेट पाहता यावे यासाठी आहे. त्यांच्या घरातल्या वावराचे रेकॉर्डिंग कोठेही साठू नये, असे आईने स्पष्ट सांगितले आणि मला ते पूर्णपणे पटले. अ‍ॅडॉप्टर आणि कार्ड मिळून खर्च दीड हजारांच्या आतच राहिला.

शिरोली_फाउंड्री

ताई, आत रेकॉर्डिंग न ठेवणे मला पटत नाही. चोर आत शिरल्यावर काय करतो हे कसे कळणार? एनव्हीआरचा विचार पुढे तरी करावा.

शाहूपुरीतला_तंत्रज्ञ

ताई, कार्डाचे बिल आणि वेष्टन दोन्ही जपून ठेवा. हमीचा दावा करताना दोन्ही मागतात. साध्या कार्डांपैकी अनेकांच्या हमीपत्रात सतत रेकॉर्डिंगचा वापर वगळलेला असतो, तुमच्या प्रकारात तो धरलेला आहे. सोप्यातल्या कॅमेऱ्याचे निघालेले चांगले कार्ड फाटकासाठी राखीव ठेवा आणि महिन्यातून एकदा अ‍ॅपमध्ये कार्डाची स्थिती पाहून कालच्या रेकॉर्डिंगपैकी कोणतेही एक उघडून बघा.

फुलेवाडीची_लेक

राखीव कार्ड बिलासह आईच्या कपाटात ठेवले आहे. रेकॉर्डिंग उघडून बघण्याचे काम बाबांनी स्वतःहून मागून घेतले आहे. ते मोबाइलवर होते, त्यासाठी स्टूल लागत नाही.