चेंडू अगदी वर पोचला की त्याच्यावरचं बल शून्य होतं का?

अकरावीची_आई
मी कॉमर्सवाली, त्यामुळे आधीच सांगते, नुसती सूत्रं अंगावर फेकू नका. चिरंजीव अकरावी सायन्सला आहेत. प्रोजेक्टाइल मोशनच्या चाचणीत प्रश्न होता: १६० ग्रॅमचा चेंडू सरळ वर फेकला, सर्वांत उंच बिंदूला त्याच्यावर बल किती? यानं लिहिलं शून्य. मार्क गेले. उत्तर म्हणे सुमारे १.६ न्यूटन. तेव्हापासून घरात वाद चालू आहे की चेंडू तिथं क्षणभर थांबतो ना, मग बल कुठून आलं? आणि खरं सांगू, मलाही त्याचंच पटतंय. हातानं दिलेला जोर चेंडूत असतो, तो वर जाता जाता संपतो आणि मग गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, असंच नाही का? बरं, तिरका फेकला तर त्याला पुढे नेणारं बल कोणतं? क्लासमध्ये विचारलं तर "पाठ कर" म्हणाले.

फिजिक्स_झिंदाबाद
बल पूर्ण वेळ एकच: वजन, खालच्या दिशेनं. वेग शून्य म्हणजे त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य नव्हे. आडव्या दिशेत बल नाही, म्हणून आडवा वेग बदलत नाही. हवेचा विरोध धरायचा नाही. एवढं लिहिलं की पूर्ण मार्क.

जुना_गोलंदाज
वरचं उत्तर बरोबर आहे, पण त्यानं ताईंचं समाधान व्हायचं नाही. मी तोफखान्यात टीए होतो, म्हणजे तोफेला कोन किती आणि चार्ज (दारूची मात्रा) किती द्यायचा याचा हिशेब करणारा. देवळालीच्या तोफखाना शाळेत आमच्या उस्तादांनी सगळ्यात आधी डोक्यातून काय काढून टाकलं असेल, तर हा "गोळ्यात भरलेला जोर".

१५५ मिलिमीटरची तोफ घ्या. गोळा साधारण ४३ किलोचा, नळी सहा मीटरच्या आसपास, तोंडातून बाहेर पडताना वेग सेकंदाला ८०० मीटर धरा. सोपा हिशेब केला तर गोळा नळीत जेमतेम १५ मिलिसेकंद असतो. दारूच्या वायूचा सगळा रेटा तेवढ्यात उरकतो. पुढे गोळा मिनिटभराहून जास्त हवेत राहतो, पण त्या सबंध वेळात तोफ त्याला काहीही करत नाही. नळीतून तो वेग घेऊन निघतो, बल घेऊन नाही. तुमच्या चेंडूचंही तेच. बोटं सुटली, हाताचा संबंध संपला.

आता वर पोचल्यावरचा प्रश्न. तुम्ही कॉमर्सवाल्या, म्हणून खात्याच्या भाषेत सांगतो. वेग म्हणजे शिल्लक. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगानं वर फेकला, तर पृथ्वी त्यातून दर सेकंदाला ९.८ कापते. एका सेकंदानं शिल्लक ९.८, दोन सेकंदांनी शून्य. पण हप्ता थांबतो का? तिसऱ्या सेकंदाअखेर खातं उणे ९.८, म्हणजे तेवढ्याच वेगानं चेंडू खाली. गुरुत्वाकर्षण वर गेल्यावर "जिंकतं" वगैरे काही नाही, ते पहिल्या क्षणापासून तितकंच कापत असतं. वर बल खरंच शून्य झालं असतं तर शिल्लक शून्यावरच राहिली असती, आणि चेंडू तिथंच लटकला असता.

तिरक्या फेकीत पुढे नेणारं बल शोधूच नका, ते नसतं. पुढचा वेग आहे तो आहे. तो टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं. चिरंजीवांना यावरून ओशाळवाणं वाटत असेल तर सांगा, तार्तालिया नावाच्या इटालियन गणितज्ञानं १५३७ साली तोफेच्या गोळ्याचा मार्ग असा मांडला होता: आधी सरळ तिरका, मग थोडा वाकडा, मग थेट खाली. खरा मार्ग अन्वस्त, म्हणजे पॅराबोला; त्याचं गणित गॅलिलिओनं छापलं ते १६३८ साली. मधली शंभर वर्षं तोफा उडतच होत्या.

एका गोष्टीवर मात्र माझं भांडण आहे. "हवेचा विरोध धरायचा नाही" हे परीक्षेपुरतं ठीक. ८०० मीटर वेगाचा गोळा हवा नसती तर ४५ अंशांवर ६५ किलोमीटर गेला असता. प्रत्यक्षात साधा गोळा २४ किलोमीटरच्या आसपास पडतो. उरलेलं सगळं हवेनं खाल्लं! म्हणून आमच्याकडे मेट, म्हणजे वारा, तापमान आणि दाबाची खबर, आल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. कारगिलला १९९९ मध्ये उंचावरच्या विरळ हवेमुळे पल्ला वाढला तो याचमुळे. क्रिकेटमध्येही बघा, ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूवर हवेचा विरोध जवळजवळ त्याच्या वजनाएवढा असतो. उलट गोळाफेकीतला ७.२६ किलोचा लोखंडी गोळा. त्याला हवा जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. तिथं पुस्तकातलं सूत्र छान बसतं.

अकरावीची_आई
काका, खात्याचं पटलं! चिरंजीवांनी आता नवीन काढलंय: बंदुकीतून अगदी आडवी मारलेली गोळी आणि त्याच उंचीवरून नुसती हातातून सोडलेली गोळी, दोन्ही एकदमच जमिनीवर पडतात म्हणे. हे कसं शक्य आहे?

जुना_गोलंदाज
जमीन सपाट असेल आणि हवा सोडून दिली, तर हो. दोघींच्या खात्यातून खालच्या दिशेची कापाकापी सारखीच. दीड मीटर पडायला साधारण ०.५५ सेकंद लागतात. हातातली पायाशी पडते आणि ८०० मीटर वेगाची तेवढ्यात ४४० मीटर पुढे गेलेली असते, हवा धरली तर जरा कमी. बघणाऱ्याला वाटतं गोळी सरळ रेषेत गेली, पण नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडतच असते. म्हणून रायफलीची साईट अशी लावलेली असते की डोळा निशाण्यावर असताना नळीचं तोंड किंचित वर असतं. ओळखीत कोणी एनसीसीवाला असेल तर त्याच्याकडून साईटवरचे अंतराचे आकडे बघून घ्या. अंतर वाढवलं की नळी किती वर उचलावी लागते ते चिरंजीवांना तिथंच दिसेल.