हॉट योगा: आत्याने जावं का?

वहिनी: आत्या, हॉट योगाचं ठरलं का? माझी मैत्रीण जाते, एका क्लासला किलोभर वजन उतरतं म्हणते.

आत्या: चौकशी केली गं. दीड तास, २६ आसनं, २ श्वासाचे प्रकार, खोली ४० अंशांवर. घामावाटे विषारी द्रव्यं निघून जातात म्हणे, गुडघेही मोकळे होतात. सोमवारपासून जाईन म्हणते.

ताई: आत्या, पैसे भरू नकोस अजून. मी तीन महिने केलंय, म्हणून सांगते. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण एकदा उष्ट्रासनातून उठले आणि डोळ्यांपुढे काळोख. मॅटवर टॉवेल होता तरी हात सरकत होते, कोपरावरून घाम टपटप गळत होता. बाहेर जाते म्हटलं तर शिक्षिका म्हणाल्या, खोलीतच बसा. त्या दिवशी मी खरंच घाबरले.

विषारी द्रव्यांचं म्हणशील तर घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीर साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम येतो तो अंग थंड ठेवायला. आणि वहिनी, ते किलोभर वजन पाण्याचं गं! घरी येऊन पाणी प्यायलं की काटा परत जागेवर.

काका: मग गरम करून उपयोग काय?

ताई: तेच तर तपासलंय. टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेला अभ्यास आहे. बैठ्या सवयीची, ४० ते ६० वयाची माणसं, १२ आठवडे तीच आसनं. एक गट ४० अंशांच्या खोलीत, दुसरा २३ अंशांच्या. रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच सुधारली. म्हणजे तो गुण आसनांचा, उष्णतेचा नाही.

दादा: पण नैराश्यावर उपयोग होतो असं वाचलंय.

ताई: हो, २०२३ चा अभ्यास आहे, ८ आठवड्यांचा. लक्षणं बरीच कमी झाली, ते मी नाकारत नाही. फक्त तुलना प्रतीक्षा यादीतल्या, म्हणजे अजून वर्ग सुरू न झालेल्या लोकांशी होती, साधा योग करणाऱ्यांशी नाही. त्यामुळे श्रेय उष्णतेचं की योगाचं, त्यावरून कळत नाही.

काका: हा २६ आसनांचा क्रम बिक्रम चौधरींचा ना, हॉट योगा लोकप्रिय करणाऱ्या योगशिक्षकांचा? त्यावर कॉपीराइट नाही चालणार, असं अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलंय. मग तीच आसनं घरी पंख्याखाली करायला काय हरकत?

ताई: अगदी! गुडघ्यांसाठीही तेच बरं. उष्णतेत अंग सैल वाटतं, आपण हवं त्यापेक्षा जास्त ताणतो, आणि अस्थिबंधाला, म्हणजे लिगामेंटला, दुखापत झाली तर ती लवकर भरत नाही. मला खरी काळजी बीपीची आहे. आत्या, तुझी गोळी लघवी वाढवणारी आहे ना? वर दीड तास घाम गेला तर बीपी एकदम खाली येऊ शकतं. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं.

वहिनी: माझ्या मैत्रिणीला दिवस गेलेत, तिने चालू ठेवावं का?

ताई: नाही! तिला आजच फोन कर. गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, अंगाचं तापमान इतकं वाढू देऊ नये.

वहिनी: लावते लगेच.

आत्या: गोळीच्या पाकिटाचा फोटो टाकते. उद्या डॉक्टरांकडे तूच चल माझ्याबरोबर, मला नीट विचारता यायचं नाही.

ताई: दहाला येते. बीपीची वही काढून ठेव.