मदत हवी आहे: समलिंगी जोडीदारासाठी फ्लॅटचं मृत्युपत्र

पुण्यातला फ्लॅट एकीच्या एकटीच्या नावावर आहे, कर्ज फिटलेलं. आम्ही दोघी. समलिंगी विवाहावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर लग्नाचा रस्ता बंद, फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट सरळ आईवडिलांकडे.

बँकेचं जमलं. ऑगस्ट २०२४ च्या अर्थ मंत्रालयाच्या खुलाशाची प्रत पुढे ठेवल्यावर संयुक्त खातं आणि नॉमिनी दोन्ही झालं. (शाखेत तो कुणालाच माहीत नव्हता, प्रत न्याच.)

घराचंच अडलंय. बक्षीसपत्र केलं तर नवरा-बायकोला असलेली फक्त २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत नाही, पूर्ण शुल्क लागतं. वर घेणारीला आयकर. सोसायटीत सहयोगी सदस्य करावं, तर कायद्यातल्या यादीत नवरा, भाऊ, अगदी भाचीसुद्धा आहे, जोडीदार नाही. नॉमिनी फॉर्म भरलाय, पण नॉमिनी म्हणजे विश्वस्त, मालक नव्हे.

म्हणून नोंदणीकृत मृत्युपत्र करतोय. दोन साक्षीदार नात्याबाहेरचे, डॉक्टरांचा दाखला, व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी) म्हणून तिसरी व्यक्ती. घरच्यांकडून आव्हान येणार हे धरूनच चाललोय. एक वकील म्हणतात नातं स्पष्ट लिहा, दुसरे म्हणतात 'मैत्रीण' एवढंच ठेवा.

ज्यांनी असं मृत्युपत्र केलंय किंवा कोर्टात लढवलंय, त्यांनी सांगा: 'जोडीदार' लिहून आईवडिलांना का वगळलं याचं कारण दिल्याने दस्त भक्कम होतो, की 'दबावाखाली लिहून घेतलं' म्हणायला त्यांना आयतंच निमित्त मिळतं?