गुरू ग्रंथसाहिबात भाटांची स्तुती कशी आली?

वास्कोचा भजनी:
आमच्या मेळात मी नामदेवांचे अभंग म्हणतो. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे लहानपणापासून ऐकत आलोय. परवा बेतीच्या गुरुद्वारात कीर्तन ऐकायला बसलो होतो, तेव्हा शेजारच्या सरदारजींकडून कळलं की ग्रंथात भाटांचे सवैयेही (सवैया छंदातली स्तुतिपदं) आहेत. भाट म्हणजे बिदागी घेऊन यजमानाचे गोडवे गाणारा. ज्या ग्रंथात राजाची भीड नाही, त्यात ही स्तुती कशी बसली? आणि सत्ता-बलवंड हेही त्या भाटांतलेच का?

फोंड्याचा पखवाजी:
बाब, ते दोघे वेगळे. सत्ता आणि बलवंड हे गुरूंच्या दरबारातले रबाबी, म्हणजे रबाब वाजवून कीर्तन गाणारे. त्यांची वार, म्हणजे पोवाड्यासारखं स्तुतिगीत, रामकली रागात आहे. भाट अकरा मानले जातात: कल्ह, जालप, कीरत, भिक्खा, सल्ल, भल्ल, नल्ह, गयंद, मथुरा, बल्ह, हरिबंस. त्यांचे १२३ सवैये ग्रंथाच्या शेवटाकडे, १३८९ ते १४०९ या पानांवर येतात. विषय पहिले पाच गुरू. १६०४ साली ग्रंथ सिद्ध करणारे गुरू अर्जनदेव त्यांतले पाचवे, म्हणून तुमचा प्रश्न रास्तच आहे.

पण हे सवैये वाचून बघा. भिक्खा सांगतो, मी साधू शोधत वर्षभर फिरलो, बोलणारे पुष्कळ भेटले, कुणाचं वागणं मनाला पटलं नाही. मग गुरू अमरदास भेटले. बिदागीसाठी गाणारा भाट इतकी पारख करत बसत नाही. मथुरा म्हणतो, नानकांची ज्योतच अंगदांत आली, पुढे अमरदास, रामदास आणि अर्जनांत. स्तुती त्या ज्योतीची आहे, गादीवर बसलेल्या माणसाची नव्हे. माझ्या मते सगळ्या सवैयांचा कणा हाच.

सत्ता-बलवंडांची कथा तर मला फार जवळची वाटते. परंपरा अशी की घरच्या लग्नासाठी मनाजोगे पैसे मिळाले नाहीत म्हणून ते रुसले, ‘आमच्या गाण्यामुळे गुरूंचं नाव झालं’ असंही बोलले आणि कीर्तन सोडून घरी बसले. गुरू अर्जनांनी संगतीला, म्हणजे जमलेल्या भक्तांना, सांगितलं, तुम्हीच गा. तेव्हापासून कीर्तन एका घराण्याची मिरास राहिली नाही. पुढे त्या दोघांचे हाल झाले, लाहोरच्या भाई लद्धांनी रदबदली केली आणि क्षमा मिळाली. त्यांच्या वारीत गुरू अंगदांच्या पत्नी माता खीवींचा उल्लेख आहे: त्यांची दाट सावली, त्यांच्या लंगरातली तुपाची खीर. लंगर वाढणाऱ्या बाईचं नाव रबाब्याने ग्रंथात नेऊन ठेवलं! हे वाचलं की मन भरून येतं.

पेडण्याची बाय:
एक भर घालते. गुरू नानक स्वतःलाच ‘ढाढी’, म्हणजे वारी गाणारा लोकगायक, म्हणवतात; रिकाम्या ढाढीला मालकाने कामाला लावलं, असं ‘माझ’ नावाच्या रागातल्या वारीत आहे. म्हणजे गाऊन पोट भरणाऱ्याला कमी लेखायचं कारणच उरत नाही. ग्रंथातल्या नऊ वारींवर लोकगीतांच्या चालींची नावं आहेत. ‘आसा दी वार’ म्हणायची ती टुंड्या असराजाच्या चालीवर, हात तोडलेल्या राजपुत्राच्या पोवाड्यावर. पुढे गुरू हरगोबिंदांकडे अब्दुल्ला आणि नत्था हे ढाढी ढड्ड (छोटं हातातलं चर्मवाद्य) आणि सारंगीवर वीरांच्या वारी गात.

वास्कोचा भजनी:
दोघांचे उपकार. भाटांचा एखादा सवैया मेळात घेता येईल का?

फोंड्याचा पखवाजी:
गयंदाचा घ्या. गुरू रामदासांच्या स्तुतीत तो कृष्णाला बोलावतो: कमळासारखे डोळे, गोड बोल आणि यशोदा त्याला म्हणते, दहीभात खा. काल्याच्या दिवशी आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. सवैये रागांच्या भागाबाहेर आहेत, त्यांच्यावर रागाचं नाव नाही. पण आधी बेतीच्या गुरुद्वारातल्या रागींकडून, म्हणजे कीर्तनकारांकडून, उच्चार आणि म्हणायची रीत शिकून घ्या, त्यांना विचारल्याशिवाय टाळ लावू नका.