प्रतिसाद : समुद्रकिनारा आणि मैदान दोन्ही पाहायचे असल्यास विशाखापट्टणम

एकाच सहलीत समुद्रकिनारा आणि खेळाचे मैदान दोन्ही कुठे पाहता येतील, या वरील चर्चेत गोव्यातील मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची शिफारस झाली आहे आणि ती योग्यच आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने तेथे झाले, शिवाय कोलव्याचा किनाराही जवळच आहे. मात्र आम्हा गोंदिया जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या माणसांना गोवा लांब पडतो, म्हणून मी विशाखापट्टणमचे नाव सुचवतो. समता एक्सप्रेस गोंदियाहून थेट तेथे जाते.

रुषिकोंडा किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या मधुरवाडा भागात, टेकड्यांच्या कुशीत तेथील क्रिकेटचे मैदान आहे. ५ एप्रिल २००५ रोजी याच मैदानावर महेंद्रसिंह धोनीने पाकिस्तानविरुद्ध १२३ चेंडूंत १४८ धावा केल्या, तेव्हा आमच्या गावात ज्या एका घरी टीव्ही होता, त्या घरच्या अंगणात, धानाच्या पोत्यांवर दाटीवाटीने बसून आम्ही तो डाव पाहिला होता. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मुलासह त्या मैदानाच्या फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा मन भरून आले. सामना नसल्याने आत जाता आले नाही, तरी मुलाने जाळीतून हिरवळीचा जेवढा तुकडा दिसला तेवढा डोळे भरून पाहिला, आणि मग आम्ही रुषिकोंड्याच्या वाळूत प्लास्टिकच्या चेंडूने संध्याकाळपर्यंत खेळत राहिलो.

शक्य असल्यास सामन्याचे वेळापत्रक पाहूनच रेल्वेचे आरक्षण करावे, आणि दुपारी उन्हाचा व दमटपणाचा त्रास होतो, म्हणून किनाऱ्यावर सकाळीच जावे.