पऱ्हाटीतील लिग्निनपासून बॅटरीचे कार्बन तंतू: विदर्भाने यात उतरावे का?

धागाकर्ता (आर्वी, जि. वर्धा)
कापसाची वेचणी संपली की आपल्याकडे पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचतात, थोडी चुलीसाठी ठेवतात आणि उरलेली पेटवून देतात. या काडीच्या कोरड्या वजनात सुमारे पाचवा हिस्सा, किंबहुना थोडे अधिक, लिग्निन असते. झाडाला ताठपणा देणारा, कार्बनने समृद्ध असा हा घटक. आजचे बहुतेक कार्बन तंतू खनिज तेलापासून मिळणाऱ्या पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे असतात. लिग्निनचा धागा ओढून तो हवेत २०० ते ३०० अंशांवर स्थिर केला आणि मग नायट्रोजनमध्ये १००० अंशांच्या आसपास तापवला, तर त्याचेही कार्बन तंतू होतात. सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीत भार वाहणारे सोडियम आयन (विद्युतभारित कण) सामान्य ग्रॅफाइट या कार्बनच्या थरांत नीट सामावत नाहीत, लिग्निनच्या विस्कळीत रचनेच्या कार्बनमध्ये मात्र सामावतात. म्हणून हा उद्योग कापसाच्याच पट्ट्यात उभा राहावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (बल्लारपूर, जि. चंद्रपूर)
मी असहमत आहे. लिग्निन फुकट मिळत नाही. कागद कारखान्यात लगद्यातून निघणारा, लिग्निन असलेला काळा द्राव बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि लगदा करायला लागणारे कॉस्टिकही (कॉस्टिक सोडा) परत मिळते. लिग्निन काढून घेतले, तर ती उष्णता दुसऱ्या इंधनातून विकत घ्यावी लागेल. शिवाय प्रत्येक वनस्पतीचे लिग्निन वेगळे असते, त्यात क्षार व राख राहते, आणि तंतू ठिसूळ होतो. जपानमध्ये १९६०च्या दशकात लिग्निनचे कार्बन तंतू बाजारात आले होते, पण ते उत्पादन टिकले नाही. बॅटरीला तंतूच हवेत असेही नाही: स्टोरा एन्सो या कागद-लाकूड उद्योगातील कंपनीने फिनलंडमधील सुनिला येथे २०२१ साली सुरू केलेला प्रायोगिक प्रकल्प लिग्निनपासून कार्बनची भुकटी करण्यासाठी होता.

प्रतिसाद (दारव्हा, जि. यवतमाळ)
आमच्या घरची चूल अजूनही पऱ्हाटीवर पेटते, त्यामुळे तिला ‘टाकाऊ’ म्हणणे मला पटत नाही. तरीही फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) न घेता पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढली, तर गुलाबी बोंडअळीला आसरा उरत नाही, आणि योग्य भाव मिळाल्यास शेतकरी ते आनंदाने करेल. अडचण वाहतुकीची आहे: काडी हलकी आणि जागा खाणारी असल्यामुळे गावातच तिची कुटी केली नाही, तर ट्रॅक्टरचे भाडेही निघणार नाही.

धागाकर्ता
कुटीचे यंत्र गावातच हवे, हे मान्य. भुकटीच्या बाबतीत मात्र इतकेच म्हणेन की तंतूंच्या विणलेल्या जाळीला भुकटीसारखी बांधून ठेवणाऱ्या चिकटद्रव्याची गरज राहत नाही, आणि क्षणात भरून क्षणात रिती होणाऱ्या सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या उपकरणासाठी हा मोठा लाभ आहे. काळ्या द्रावाचा आक्षेप कागद कारखान्याला लागू होतो. धुऱ्यावर पेटणाऱ्या काडीची उष्णता कोणीच वापरत नाही.

प्रतिसाद (बल्लारपूर)
पण त्या काडीतून लिग्निन वेगळे करायला कॉस्टिक, पाणी आणि उष्णता लागणारच, आणि सांडपाणी कुठल्या नाल्यात सोडणार हेही ठरवावे लागेल. आधी आपल्या पऱ्हाटीतील राखेचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजून घ्यावे. ते धुऊन कमी होत नसेल, तर तंतूही नको आणि भुकटीही नको.