बँकेचा 'चेक' आला कुठून? पटावरून की अरबांकडून?

कोशकीडा
बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, 'जरा चेक कर'. तिन्ही एकच, मूळ फारसी 'शाह'. बुद्धिबळात राजावर चाल आली की 'शाह' म्हणत. तो अरबीमार्गे लॅटिनमध्ये 'स्काकस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला. राजाला अडवणं, मग आवरणं, मग ताडून पाहणं, असा अर्थ सरकला. आपला 'शह' फारसीतलाच, म्हणजे चेकचा सख्खा भाऊ.

रोजमेळ
शर्ट मान्य, तपासणीही मान्य. बँकेचा चेक मात्र अरबी 'सक्क'. सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, मूळ फारसी 'चक'. अरबीत च नाही, म्हणून चीनचा 'सीन' झाला तसा चकचा सक्क. दहाव्या शतकात अरब प्रवासी इब्न हौकलने ४२,००० दीनारांच्या सक्काबद्दल लिहिलंय. एवढा योगायोग?

कोशकीडा
योगायोगच! एकदा स झाल्यावर इंग्रजीत पुन्हा च कुठून उगवला? वाटेत इटालियन सावकार बसलेत, ते चेकला 'आसेन्यो' म्हणतात. फ्रेंचांनी शब्द इंग्रजीतून उचलला. खुद्द आजचे अरब 'शीक' म्हणतात, तोही युरोपातून परत आलेला. आणि मुख्य म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'चेक' होती ती स्थळप्रत, कागद फाडून दिल्यावर मागे उरणारी. कुणी आकडा वाढवला तर तिच्याशी ताडून पकडायचा. नाव पुढे कागदालाच चिकटलं.

रोजमेळ
मग ब्रिटिश स्पेलिंगात क्यू कशाला?

उंट तिरका
एक्स्चेकरची, म्हणजे इंग्लंडच्या राजखजिन्याची, छाप. बाराव्या शतकात त्या खजिन्याचं टेबल १० फूट लांब, ५ फूट रुंद, चार बोटं उंच कड, वर रेघांचं काळं कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस, शंभर असे रकाने. शेरीफचं (परगण्यातून राजाची वसुली करणाऱ्याचं) देणं वर मांडायचं, भरलेलं खाली, मग वजाबाकी. सोंगट्यांवर हिशेब, त्यामुळे शून्य येत नसलं तरी अडत नसे. दिसायला बुद्धिबळाचा पट, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये नाव 'एशेकिए', त्याचंच एक्स्चेकर. चौकड्यांचं कापडही त्याच पटावरून. अमेरिकनांनी क्यू घेतलाच नाही.

रोजमेळ
स्थळप्रतीचा मुद्दा बिनतोड, सक्क मागे घेतो. पण 'शह-मात'मधला 'मात' तरी अरबी ना? 'राजा मेला'?

उंट तिरका
तिथेही फारसीच जास्त पटते: मात म्हणजे हतबल. पटावर राजाला मारतं कोण?